तीन वर्षांचा संपादक

तुझं पत्र आणि सोबतचा अंक मिळून पंधरा दिवस झाले. उत्तर लांबलं, कारण घाईघाईत उरकण्यासारखं ते नव्हतं. तू विचारलंयस ते थोडक्यात असं: नवऱ्याला परराष्ट्र सेवेतली पहिली परदेशी नेमणूक मिळालीय, चार महिन्यांत निघायचंय, आणि गेली सहा वर्षं तू समाजाचं आठ पानी पाक्षिक जवळजवळ एकहाती काढतेयस. ते तिकडे बसून चालवता येईल का? तिकडच्या आपल्या लोकांसाठी नवं काढता येईल का? त्याचे पैसे घेता येतील का? आणि सगळ्यात शेवटी, जरा बारीक अक्षरात, "काका, मी तिकडे नेमकी कोण असणार?"

शेवटचाच प्रश्न आधी घेतो, कारण त्याचं उत्तर छापील आहे. तू 'कुटुंबीय' असणार. जगभरचे दूतावास ज्या कराराच्या आधारावर चालतात त्या 1961 च्या व्हिएन्ना कराराच्या 37 व्या कलमात तू आहेस: राजनैतिक अधिकाऱ्याच्या घरातला भाग असलेले त्याचे कुटुंबीय. नाव नाही, पेशा नाही. मी हा हुद्दा बावीस वर्षं सांभाळला. बायको सेवेत, मी तिच्या मागून पेट्या मोजत. तेव्हा तू काका म्हणतेस ते ठीक, पण या नात्यानं पाहिलं तर मी तुझी थोरली जाऊच. बायकोच्या नावापुढे 'श्री.' आणि माझ्यासाठी 'व सौ.' असं छापलेलं एक निमंत्रण मी अजून जपून ठेवलंय. त्या समारंभात दारावरच्या माणसानं माझ्याशी वाकून हस्तांदोलन केलं आणि बायकोला कोट ठेवायची जागा दाखवली.

हसू येतं, पण यामागे मोठा इतिहास आहे आणि तो फार जुना नाही. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्यात अधिकाऱ्याच्या मूल्यमापन अहवालात त्याच्या बायकोबद्दलही लिहिलं जायचं. पाहुण्यांचं कसं करते, चारचौघांत कशी वागते, वगैरे. जानेवारी 1972 मध्ये खात्यानं लेखी काढलं की पत्नी ही स्वतंत्र व्यक्ती आहे, सरकारी नोकर नाही, आणि तिचा उल्लेख अहवालात यायचा नाही. ब्रिटनच्या सेवेत तर बाई अधिकाऱ्यानं लग्न केलं की राजीनामा द्यायचा, हा नियम 1973 पर्यंत होता. आपल्याकडे सी. बी. मुथम्मा 1949 साली परराष्ट्र सेवेत आल्या, या सेवेतल्या पहिल्या महिला. लग्नासाठी सरकारची परवानगी मागायला लावणारा नियम त्यांनी सर्वोच्च न्यायालयात नेला आणि 1979 च्या निकालात न्या. कृष्ण अय्यर यांनी त्यावर कडक ताशेरे ओढले. सांगायचं कारण इतकंच की तिकडे गेल्यावर एखादी ज्येष्ठ बाई तुला प्रेमानं सांगेल, "पेपरबिपर ठीक आहे गं, पण आधी आपलं काम." 'आपलं काम' म्हणजे नवऱ्याच्या कार्यालयाचे पाहुणे. तिच्यावर रागावू नकोस. तिला घडवणारे नियम तिनं केलेले नव्हते. पण होकारही देऊ नकोस.

आता कामाचं. नेमणूक दूतावासात आहे की वाणिज्य दूतावासात, हे नवऱ्याला आजच विचार. लोक दोन्हीला एकच समजतात, मीही समजायचो. वाणिज्य दूतावासांचा करार वेगळा, 1963 चा. त्यात अधिकाऱ्यालाच कोर्टकचेरीपासून संरक्षण आहे ते फक्त त्याच्या सरकारी कामापुरतं; घरच्यांना कोर्टाच्या बाबतीत काहीच नाही. म्हणजे तुझ्या अग्रलेखावर कुणी बदनामीचा दावा ठोकला, तर तू इतर कुठल्याही संपादकासारखी पिंजऱ्यात उभी राहशील. शिवाय तू कमाईचं खाजगी काम धरलंस तर त्या करारातल्या ज्या सवलती घरच्यांना मिळतात त्यांवर पाणी सोडावं लागतं. दूतावासात मात्र तुला नवऱ्याइतकंच संरक्षण मिळतं, आणि गोष्ट तिथंच अवघड होते.

पैशांचं आधी संपवतो. 1961 च्या करारात 42 वं कलम अधिकाऱ्याला स्वतःच्या फायद्यासाठी धंदा किंवा व्यवसाय करायला मनाई करतं. ते कलम अधिकाऱ्यापुरतं आहे, तुझ्यावर त्याची थेट बंदी नाही. तुला काम करता येईल की नाही हे त्या देशाच्या कायद्यावर आणि दोन देशांत तसा करार आहे की नाही यावर ठरतं. भारतानं बऱ्याच देशांशी असे करार केलेत. अर्ज दूतावासामार्फत जातो, परवानगी हातात पडायला वेळ लागतो, आणि बदल्यात सहसा त्या कामासंबंधीच्या दिवाणी दाव्यांतलं संरक्षण सोडावं लागतं. तिथं मिळवलेल्या पैशांवर तिथला कर भरायचा. 34 व्या कलमातल्या करमाफीत ही कमाई येत नाही. "मी फुकट करते, मला कशाला परवानगी?" असं म्हणू नकोस. काही देशांत बिनपगारी कामालाही कामच म्हणतात. विचारून घे, लेखी घे, आणि तो कागद पासपोर्टाबरोबर ठेव.

आता त्या संरक्षणाबद्दल. मला हे कळायला फार वेळ लागला, म्हणून जरा सविस्तर लिहितो. समज, तू दूतावासातल्या अधिकाऱ्याची बायको आहेस, परवानगीची भानगड नको म्हणून बिनपगारी संपादक आहेस. तू छापलंस की अमक्या दुकानदारानं समाजाच्या वर्गणीचे पैसे खाल्ले. ते खोटं निघालं. तो माणूस कोर्टात गेला तर तू संरक्षण पुढे करू शकतेस, आणि गंमत म्हणजे तुला ते स्वतःहून सोडायचं असलं तरी सोडता येत नाही. 32 व्या कलमाप्रमाणे तो अधिकार तुझ्या सरकारचा. ज्याच्यावर दावा लावता येत नाही अशा माणसाच्या हातात पेन असणं, हे वाचकाच्या बाजूनं एकदा बघ. मी पहिल्या नेमणुकीत या गोष्टीचा मनातल्या मनात आनंद मानत होतो. आज लाज वाटते. तू परवानगी काढून, सरकारकरवी संरक्षण सोडून संपादक झालीस तर उलट ताठ मानेनं चूक कबूल करू शकशील.

दुसरं, 41 वं कलम. यजमान देशाच्या अंतर्गत कारभारात ढवळाढवळ करायची नाही, हे त्यात अधिकाऱ्यापुरतं नाही. विशेषाधिकार असलेल्या 'सर्व व्यक्तीं'ना ते लागू आहे. त्यात तू आलीस. आता समाजाच्या पेपरला नगरपालिकेची निवडणूक, शाळांचं धोरण, स्थलांतराचा नवा कायदा हे विषय टाळून कसं चालेल? वाचकांच्या आयुष्यात तेच तर चाललेलं असतं. मी काढलेला मार्ग: माहिती भरपूर छापायची, मत नाही. मतदार नोंदणी कुठे, कोणता अर्ज, शेवटची तारीख कोणती, कोणत्या उमेदवारानं कोणत्या सभेत काय सांगितलं, सगळं. अग्रलेखात मात्र कुणाला मत द्या हे नाही. ज्यांना ते लिहायचं त्यांनी स्वतःच्या नावानं लिहावं, आणि ते पान मी नाही, सहसंपादकानं लावावं. यानं पेपर थोडा अळणी होतो हे मान्य. उपाय नाही.

एक बारीक गोष्ट, पण कुणीतरी तुला हमखास सुचवेल: "अंकाची पाकिटं दूतावासाच्या टपालातून जाऊ देत की." अजिबात नको. राजनैतिक थैलीत फक्त सरकारी कागदपत्रं आणि सरकारी कामाच्या वस्तूच जातात, करारात तसं स्पष्ट लिहिलंय. आणि करमाफीत घरसामान आणता येतं म्हणून छपाईचं यंत्र 'घरसामान' होत नाही. हे मी ऐकीव सांगत नाहीये, असा सल्ला देणारे दोघे मला भेटलेत.

आता माझी चूक सांगतो. दुसऱ्या नेमणुकीत मी तिथल्या मराठी लोकांसाठी महिन्याला बारा पानांचा अंक काढायचो. छपाई एका कोपऱ्यातल्या प्रेसमध्ये, पत्त्याच्या चिकटपट्ट्या आमच्या जेवणाच्या टेबलावर. महिन्यातून एक रात्र अशी यायची की बायको साडीची पिन लावत घाई करायची, मी शेवटचा गठ्ठा बांधून हात धुवायचो, आणि तरी समारंभात कुणा राजदूताच्या पांढऱ्या बाहीवर माझ्या अंगठ्याची शाई उमटायची. ते दिवस चांगले होते. अंक वाचला जायचा.

त्या काळात एका वयस्कर वाचकाचं पत्र आलं. निळ्या शाईत, दोन्ही बाजूंनी लिहिलेली दोन पानं. गिरणीत मशीनवर आयुष्य काढलेला माणूस, अक्षर शाळेतल्या पाटीवरचं असावं तसं गोल. एका सरकारी खिडकीवर एकाच कामासाठी त्यांना तीनदा परत पाठवलं होतं, दर वेळी यादीत नसलेला नवा कागद मागून. भाषा सभ्य, तारखा नीट. ती खिडकी माझ्या बायकोच्या कार्यालयाची होती. तिचा विभाग वेगळा, तरी इमारत तीच.

मी पत्र छापलं नाही. नाकारलंही नाही. "या अंकात जागा नव्हती, पुढच्यात बघू." असं तीनदा. बायकोनं मला एका शब्दानं सांगितलं नव्हतं, तिला ते पत्र आल्याचंही ठाऊक नव्हतं. मीच माझ्या मनानं तिची काळजी घेत होतो, किंवा तसं स्वतःला सांगत होतो.

चौथ्या महिन्यात मंडळाच्या कार्यक्रमानंतर ते मला सभागृहाबाहेर, गाड्या लावतात तिथं भेटले. पाऊस भुरभुरत होता. कोटाच्या आतल्या खिशातून त्यांनी माझा ताजा अंक काढला, घडी उलगडली आणि नववं पान माझ्यापुढे धरलं. तिथं अर्ध्या पानाचं शब्दकोडं होतं. म्हणाले, "घरची अडचण आहे असं सांगितलं असतंत तर मी समजून घेतलं असतं हो. जागा नाही म्हणालात." अंकाची परत घडी केली, खिशात ठेवली, आणि गेले. अंक फेकला असता तर बरं वाटलं असतं.

त्यानंतर वाचकांची पत्रं कमी होत गेली. कुणी भांडलं नाही, वर्गणी कुणी थांबवली नाही. लोक फक्त लिहीनासे झाले. आणि समाजाच्या पेपरात पत्रं म्हणजे काय, हे तुला सांगायला नको. न्यूयॉर्कमधल्या यिडीश, म्हणजे पूर्व युरोपातून आलेल्या ज्यूंच्या, भाषेतल्या 'फॉरवर्ड' या पेपरात 1906 साली संपादक अब्राहम काहान यांनी 'बिंटल ब्रीफ', म्हणजे पत्रांचा गठ्ठा, असं सदर सुरू केलं. नव्यानं आलेले लोक घरभाड्यापासून मोडलेल्या संसारापर्यंत काहीही विचारायचे आणि पेपर उत्तर द्यायचा. परक्या देशात आलेल्या माणसाला विचारायला जागा नसते, ती जागा पेपर झाला. माझ्या पेपरातली ती जागा मी एका शब्दकोड्यापायी बुजवली.

मग जे केलं ते तू पहिल्या अंकापासून कर. बायकोच्या कार्यालयाशी संबंधित सगळा मजकूर, तक्रारी आणि कौतुकही, मी एका सहसंपादिकेकडे दिला. ती तिथली कायमची रहिवासी, कॉलेजात शिकवणारी, कुणाचं मिंधेपण नसलेली. आणि दर अंकात, संपादकाच्या नावाखाली, लहान टाइपात पण नेहमीच्याच जागी दोन ओळी: "संपादकांच्या पत्नी दूतावासात अधिकारी आहेत. दूतावासासंबंधीचा मजकूर सहसंपादक पाहतात. छापण्याआधी संपादक तो वाचत नाहीत." बायकोनं तो अंक हातात घेतला, वाचला आणि म्हणाली, "हे पहिल्याच अंकात असायला हवं होतं." तिनं तिच्या वरिष्ठांना त्याचं पत्र दिलं, विषय संपला. इतका सोपा होता. निळ्या शाईचं पत्र सहसंपादिकेनं पुढच्या अंकात पहिल्या पानावर लावलं. त्यांना मी अंक नेऊन दिला. घेतला, "बरं," म्हणाले. एवढंच.

या जाहीर ओळींची धास्ती वाटेल, नवऱ्याला जास्त वाटेल. त्याला सांग की लपवलेलं नातं हाच धोका आहे. छापलेलं नातं लोक चार दिवसांत विसरतात. आणि त्याच्या कार्यालयाची जाहिरात घेऊ नकोस. राष्ट्रीय दिनाच्या शुभेच्छांचं पूर्ण पान मिळतं, छपाईचा खर्च सुटतो, मोह होतो. मी एकदा घेतली आणि पुढचे सहा महिने प्रत्येक बातमीकडे लोक 'पान विकलेला पेपर' म्हणून बघत होते. घ्यायचीच वेळ आली तर इतरांच्याच दरानं, आणि पैसे पेपरच्या खात्यात, तुझ्या हातातून नाही.

बातम्यांची ये-जा दोन्ही बाजूंनी थांबवावी लागते. जेवताना नवऱ्याच्या तोंडून जे कळेल ते तुझ्यासाठी बातमी नाही, कितीही गरम असलं तरी. हे तू पाळशीलच. उलटं जास्त कठीण. लोक संपादकाला असं काही सांगतात जे सरकारच्या कानावर जाऊ नये असं त्यांना वाटतं: कुणाचा व्हिसा संपलाय, कुणी कागदावर एक आणि प्रत्यक्षात दुसरं काम करतोय, कुणाच्या नवऱ्यानं पासपोर्ट लपवून ठेवलाय. ते तुझ्यापाशी बोलतात आणि तुझ्या घरी सरकारी अधिकारी राहतो. आमच्या घरात नियम होता की तिच्या फायली आणि माझी प्रूफं एका खोलीत येणार नाहीत. पत्रांवरची नावं मी घरी आणतच नव्हतो, ती सहसंपादिकेच्या कपाटात राहायची. पासपोर्ट लपवलेल्या त्या बाईला मात्र मी स्वतः गाडीत घालून वकिलाकडे नेलं, आणि बायकोला ते दोन वर्षांनी सांगितलं.

आता तुझा मूळ प्रश्न: सध्याचा अंक तिकडून चालवू का? माझं मत, नको. मजकूर पाठवता येतो, पानं लावता येतात, पीडीएफ एका क्षणात येते, सगळं खरं. पण समाजाचा पेपर मजकुरावर चालत नाही. कुणाच्या लग्नात कोण आलं नाही, कोणत्या पुढाऱ्यानं देणगी जाहीर केली आणि दिली नाही, हे दारात उभं राहिल्याशिवाय कळत नाही. सहा महिन्यांत तू फोनवर फॉरवर्ड होऊन आलेल्या बातम्यांना मथळे देणारी होशील. अंक कुणाच्या तरी हाती दे. कुणाच्या? तुझ्या प्रत्येक प्रूफवर जो भांडतो त्याच्या. होयबाच्या हाती दिलास तर तो दर अंकाला तुला फोन करून विचारत बसेल. महिन्याला एक सदर लिही, नावानिशी, आणि संपादकीय खुर्चीचा हक्क सोड.

तिकडे नवं काढ, जरूर काढ. पण एक लक्षात ठेव, ज्यांच्यासाठी काढशील ते तिथं कायमचे आलेत आणि तू साधारण तीन वर्षांसाठी. त्यांच्या बऱ्याच अडचणी तुला येणारच नाहीत. घर कार्यालय बघून देतं, तुझं ओळखपत्र वेगळं, विमानतळावरची रांग वेगळी. तुझी तिथली वर्षं बऱ्याच देशांत कायमच्या वास्तव्याच्या हिशेबातही धरत नाहीत. मूलबाळ तिथं झालं तरी फरक नाही. अमेरिकेत जन्मलेलं मूल नागरिक होतं, पण परदेशी राजनैतिक अधिकाऱ्याचं होत नाही. तू त्यांच्यात राहशील, त्यांच्यासारखी राहणार नाहीस. मला हे कधी कळलं सांगू? बायको निवृत्त झाल्यावर आम्ही मुलीपाठोपाठ इथं आलो, या वेळी साध्या पासपोर्टावर, साध्या रांगेत. घर भाड्यानं घ्यायला गेलो तर मालकानं मागचा भाड्याचा इतिहास मागितला. बावीस वर्षं परदेशात काढलेल्या माणसाकडे भाड्याच्या एका पावतीवर स्वतःचं नाव नव्हतं. त्या दिवशी बाकावर बसून मला वाटलं, यावर मी एक ओळ कधी छापली नाही. माझ्या वाचकांपैकी प्रत्येकानं हा दिवस पाहिला असणार.

म्हणून पहिले सहा महिने अंक काढूच नकोस. ऐक. वकिलाच्या दारात, शाळेच्या फाटकापाशी, दवाखान्यात दुभाष्याचं काम करत बस. राजदूतांच्या घरची मंडळी जिथं नेहमी भेटतात तिथं यातलं काही ऐकू येत नाही.

आणि पहिल्या दिवसापासून पेपर तुझ्या नावावर असू देऊ नकोस. दुसऱ्या नेमणुकीतला तो अंक मी निघाल्यावर दोन महिन्यांत बंद पडला. वर्गणीदारांची यादी माझ्या लॅपटॉपवर, बँकेत सही माझी, संकेतस्थळ माझ्या नावावर, प्रेसवाला मला ओळखणारा. सहसंपादिकेनं जीव तोडून प्रयत्न केला. मी तेव्हा तीन देश पलीकडे नव्या घरात खोकी फोडत होतो आणि तिच्या फोनना "बघतो, शोधतो" म्हणत होतो. पुढच्या ठिकाणी शहाणा झालो. संस्था नोंदवली, खातं संस्थेच्या नावानं, सह्या तिथल्याच दोघांच्या, यादी तिघांकडे. दुसऱ्या वर्षापासून दर तिसरा अंक माझ्याशिवाय निघायचा. मी मुद्दाम प्रेसला जायचो नाही. त्यातला पहिला अंक चुकांनी भरलेला होता, आणि मी तो हातात घेऊन लहान मुलासारखा खूश होतो.

भाषेबद्दल विचारलं नाहीस, तरी सांगतो. तिथं वाढलेली मुलं मराठी बोलतात, वाचत नाहीत. मोठ्यांना इंग्रजी मजकूर दिसला की 'बाटला' वाटतं. त्यांना आठवण करून दे की बाळशास्त्री जांभेकरांचा 'दर्पण' 6 जानेवारी 1832 रोजी निघाला तो दोन रकान्यांत, एकात मराठी आणि शेजारी इंग्रजी. मराठीतलं पहिलं वृत्तपत्रच दुभाषी होतं. पण दोनावर थांब. दक्षिण आफ्रिकेतलं 'इंडियन ओपिनियन' 1903 साली इंग्रजी, गुजराती, हिंदी आणि तमिळ अशा चार भाषांत सुरू झालं. हिंदी आणि तमिळ पानं काही वर्षांतच बंद करावी लागली. जितके प्रूफ वाचणारे हात तितक्याच भाषा.

तू लिहिलंयस की तिकडे जे दिसेल ते सगळं लगेच लिहायचंय. लेडी मेरी वॉर्टली माँटेग्यू माहीत आहेत का? 1716 ते 1718 या काळात त्यांचे पती इस्तंबूलला ब्रिटनचे राजदूत होते. जिथं राजदूताला पाऊल टाकता येत नव्हतं त्या बायकांच्या जगात त्या गेल्या, देवी टोचण्याची तिथली जुनी पद्धत पाहिली, 1718 मध्ये स्वतःच्या मुलाला टोचून घेतलं आणि पुढे इंग्लंडमध्ये त्यासाठी भांडल्या. त्यांची तिथली पत्रं पुस्तकरूपानं छापली गेली ती 1763 साली, त्यांच्या मृत्यूनंतर. आणि 1737-38 मध्ये त्यांनी एक राजकीय नियतकालिक निनावी चालवलं, नऊ अंक. मी तुला निनावी लिही असं म्हणत नाही, मरेपर्यंत थांब असं तर नाहीच. पण काही मजकूर नेमणूक संपल्यावर छापायचा असतो. त्यासाठी एक वही वेगळी ठेव. नवऱ्याला जे दिसणार नाही ते तुला दिसेल, हे मात्र नक्की.

तुझा अंक मी पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचला. अग्रलेख लांबलाय, अर्धा कर. छोट्या जाहिरातींचं पान उत्तम लावलंयस. पाचव्या पानावरच्या निधनवार्तेत तारीख आणि वार जुळत नाहीत, आणि मयताच्या थोरल्या मुलाचं नाव एकदा एक आणि खाली दुसरं आलंय. समाजाच्या पेपरात ते पान लोक कापून भिंतीवर लावतात. त्या घरी आज फोन कर, मग पुढच्या अंकात दुरुस्ती दे, पाचव्याच पानावर, तेवढ्याच टाइपात.